खिडकी उघडली, पण रांगेत कोण उरलं?

४ जून २०२०. जग लॉकडाऊनमध्ये होतं. त्या दिवशी अमेरिकेच्या नागरिकत्व आणि स्थलांतर खात्याने, म्हणजे यूएससीआयएसने, आपली कार्यालयं लोकांसाठी पुन्हा उघडायला सुरुवात केली. १८ मार्चपासून ती बंद होती. मुलाखती बंद, बोटांचे ठसे बंद, नागरिकत्वाची शपथ बंद. अडीच महिन्यांनी दारं उघडली तेव्हा नियमांची यादी लावलेली होती. ताप-खोकला असेल तर येऊ नका. दिलेल्या वेळेच्या १५ मिनिटं आधीच आत या, त्याआधी नाही. तोंड झाका. शक्यतो आपला पेन आपणच आणा. दुभाष्या लागत असेल तर त्याला फोनवर तयार ठेवा. शपथेला घरच्यांना आणू नका.

आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी छापली असेल तर ती आतल्या पानावर. आंबेडकरी तरुणांना तिच्याशी काय देणंघेणं, असंही कोणी विचारेल. मला वाटतं, देणंघेणं आहे आणि ते बरंच आहे. कारण सरकारी खिडकी बंद होते तेव्हा सगळे सारखे अडकत नाहीत, आणि ती उघडते तेव्हा सगळे सारखे आत जात नाहीत. ही गोष्ट आपल्याइतकी कोणाला ठाऊक असणार?

दोन देश, मत एकही नाही

माझ्या ओळखीचे एक काका न्यू जर्सीत राहतात. मराठवाड्यातल्या एका गावच्या बौद्धवाड्यातून निघून, वसतिगृहात राहून, शिष्यवृत्तीवर इंजिनीअर झालेला माणूस. नोकरीने तिकडे नेलं. ग्रीन कार्ड मिळालं, पाच वर्षांची अट पूर्ण झाली, नागरिकत्वाचा अर्ज भरला. फेब्रुवारी २०२० मध्ये मुलाखत झाली, इतिहास आणि राज्यघटनेवरचे प्रश्न झाले, मंजुरी मिळाली. शपथेची तारीख मार्चअखेरची होती. ती रद्द झाल्याचं पत्र आलं.

आता यात गोची अशी, की अमेरिकेत मंजुरी मिळाली म्हणून कोणी नागरिक होत नाही. शपथ घेतली की नागरिक. तोवर मत नाही. आणि ती शपथ प्रत्यक्ष हजर राहून, जाहीर समारंभात घ्यायची असा तिथला कायदा. इकडे काकांचा पासपोर्ट भारताचाच होता, म्हणजे भारताचं नागरिकत्व शाबूत होतं. पण परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मत द्यायचं तर आपल्या मतदारसंघातल्या केंद्रावर स्वतः पासपोर्ट घेऊन उभं राहावं लागतं. २०१० मध्ये कायदा दुरुस्त करून हक्क दिला, पण तो बजावायला विमानाचं तिकीट काढा म्हणून सांगितलं. वीस वर्षांत काकांना ते कधी जमलं नव्हतं.

एप्रिलमध्ये फोनवर ते म्हणाले, "बाळा, दोन देश हायेत आपल्याला, पन मत टाकायला एकबी नाही."

मी हसलो, पण फोन ठेवल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. बहुतेक राज्यांत मतदार म्हणून नाव नोंदवायची मुदत त्याआधीच संपते. म्हणजे शपथ महिना-दोन महिने लांबणं ही साधी गैरसोय नव्हती. तारीख चुकली की चार वर्षं गेली. फिलाडेल्फियात तर मंजुरी मिळूनही शपथ रखडलेले लोक जूनमध्येच कोर्टात गेले. त्यांची मागणी साधी होती: मतदार नोंदणीची मुदत संपायच्या आत आम्हाला शपथ द्या.

बाबासाहेब १९१९ मध्ये साउथबरो समितीसमोर साक्षीला उभे राहिले तेव्हा ते २७ वर्षांचे होते. नागरिकत्व म्हणजे काय, तर त्यात प्रतिनिधित्वाचा हक्क आणि सत्तेचं पद धारण करण्याचा हक्क हे सर्वांत महत्त्वाचे, ही मांडणी त्यांनी तिथे केली. १९२८ मध्ये सायमन कमिशनसमोर त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. त्या काळात मत होतं ते मालमत्तेवाल्यांना आणि शिकलेल्यांना. सरकार तेव्हा अटी घालून मत अडवायचं. २०२० मध्ये कोणी अट घातली नाही, फक्त खिडकी बंद राहिली. परिणाम मात्र त्याच जातकुळीचा.

साथीत गर्दी टाळायला हवीच होती, याबद्दल वाद नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या अडीच महिन्यांत जे पर्याय शोधता आले असते, ते कोणासाठी शोधले गेले? कार्यालयं बंद असताना काही कामं सुरू होती. कामाच्या परवान्याची मुदत वाढवताना जुनेच बोटांचे ठसे वापरायचं ठरलं. कागदपत्रांच्या नोटिशींना उत्तर द्यायला ६० दिवस वाढवून मिळाले. म्हणजे इच्छा असली की नियम वाकतात. पुढे शपथा मोकळ्या वाहनतळांवर झाल्या, काही ठिकाणी माणूस गाडीतून न उतरता शपथ घेऊन गेला. जे जूनमध्ये सुचलं, ते एप्रिलमध्ये सुचायला काय हरकत होती?

सरकारी खातं की दुकान?

आता पैशाकडे येऊ. यूएससीआयएसचा सुमारे ९७ टक्के खर्च अर्जदारांच्या शुल्कातून चालतो. करदात्यांच्या पैशावर नव्हे, अर्ज करणाऱ्यांच्या खिशावर. साथीत अर्ज घटले, गल्ला रिकामा झाला. मे २०२० मध्ये खात्याने काँग्रेसकडे १.२ अब्ज डॉलर मागितले आणि पैसे नाही मिळाले तर सुमारे १३ हजार कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवू, असं बजावलं. ऑगस्टच्या शेवटी ती रजा टळली. पण विचार करा, कार्यालयं नुकतीच उघडलेली, बाहेर अडीच महिन्यांचं साचलेलं काम, आणि आतले दोन-तृतीयांशाहून जास्त कर्मचारी घरी बसण्याच्या बेतात!

एवढ्यावर थांबलं नाही. ३१ जुलैला नवं शुल्कपत्रक आलं. नागरिकत्वाच्या अर्जाचं शुल्क ६४० डॉलरवरून ११६० डॉलरच्या पुढे. गरिबांना मिळणारी शुल्कमाफी जवळजवळ मोडीत. जीव वाचवायला आश्रय मागणाऱ्यांकडूनही ५० डॉलर घ्यायचे ठरले. २ ऑक्टोबरपासून हे लागू होणार होतं. कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने २९ सप्टेंबरला, म्हणजे तीन दिवस आधी, ते रोखलं. २०२४ च्या नव्या पत्रकात नागरिकत्वाचं शुल्क ७६० डॉलर, ऑनलाइन भरलं तर ७१० डॉलर, आणि कमी उत्पन्नवाल्यांना सवलत असं ठरलं. लढल्यावर फरक पडतो तो असा.

पण मूळ दुखणं कायम आहे. नागरिकत्व देणारं खातं गिऱ्हाइकांच्या पैशावर चालवलं, की गिऱ्हाईक रोडावल्यावर ते शटर ओढणार. मग ज्याच्याकडे वकील आहे, ज्याची कंपनी शुल्क भरते, ज्याला चार महिने थांबायला जमतं, तो तरतो. ताशी मजुरीवरचा, रेस्टॉरंटच्या मागच्या बाजूला भांडी घासणारा, हॉटेलच्या खोल्या झाडणारी बाई, ही माणसं बुडतात. आपल्याकडेही 'सेवाशुल्क', 'सुविधा केंद्र', 'खासगी भागीदारी' हे शब्द गोड आवाजात येत आहेत. ते ऐकताना हा गल्ला आठवा.

'हा उच्चभ्रूंचा प्रश्न आहे'

चळवळीतले काही मित्र म्हणतील, अमेरिकेला गेलेले आपले लोक सुखात आहेत, गावात स्मशानभूमीला जागा नाही आणि तुम्ही ग्रीन कार्डाचं घेऊन बसलात. त्यांचा राग मला कळतो. परदेशात गेल्यावर समाज विसरलेले लोक मीही पाहिलेत. तरी हा युक्तिवाद मला पटत नाही.

याच जून महिन्याच्या ३० तारखेला काय झालं ते आठवा. कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने सिस्को कंपनीवर खटला भरला. एका दलित इंजिनीअरला भारतीय सवर्ण वरिष्ठांनी जातीवरून डावललं, हा आरोप. सिलिकॉन व्हॅलीत जात पोचली आहे हे जगाला त्या खटल्याने कळलं. पुढे २०२३ मध्ये राज्याने दोन व्यक्तींवरचे दावे मागे घेतले, कंपनीवरचा दावा सुरू ठेवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिअ‍ॅटल शहराने जातिभेदावर बंदी घातली, आणि ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तसंच विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठवलं.

आता कागद आणि जात यांचं नातं बघा. एच-१बी व्हिसावरचा माणूस देशात राहतो तो मालकाच्या नोकरीवर. नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधा, दर्जा बदला किंवा निघा. अशा माणसाला साहेबाने जात विचारली, तर तो तक्रार करेल? ग्रीन कार्ड मिळेपर्यंत तोंड बंद. एका देशाला दरवर्षी सात टक्क्यांहून जास्त रोजगाराधारित ग्रीन कार्ड नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग आधीच वर्षानुवर्षांची. त्यात कार्यालयं बंद. त्यात २०२० च्या उन्हाळ्यात मंजूर झालेली हजारो कार्डं छपाईअभावी पडून. एच-४ वर असलेल्या बायकांच्या नोकऱ्या कार्ड हातात नाही म्हणून अडल्या, आणि एका भारतीय महिलेला त्यासाठी ओहायोत कोर्टात जावं लागलं.

कागद जितका लांबतो, तितका साहेबाचा हात लांब होतो. सवर्ण साहेबाखाली काम करणाऱ्या आपल्या पोराला याची किंमत दुप्पट पडते. सवर्ण सहकाऱ्यापाशी निदान जातीचं जाळं असतं, दुसरी नोकरी फोनवर मिळते. आपल्या पोरापाशी काय असतं? म्हणून स्थलांतराच्या कार्यालयाची खिडकी हा जातिअंताच्या लढ्याबाहेरचा विषय नाही.

जात दाखवून नागरिकत्व मागणारे

हा संबंध आजचा नाही, शंभर वर्षांचा आहे. त्या काळी अमेरिकेत नागरिकत्व 'मुक्त गोऱ्या माणसाला' मिळे, आणि यादवी युद्धानंतर आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही. भगतसिंग थिंड हे पंजाबी शीख, अमेरिकी सैन्यात सेवा केलेले. त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. युक्तिवाद काय होता? मी उच्चवर्णीय आहे, आर्य आहे, म्हणून गोरा आहे. आमच्यातल्या उच्च जाती खालच्यांशी बेटीव्यवहार टाळतात, म्हणजे रक्त शुद्ध आहे, हा त्यामागचा आशय. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने दावा फेटाळला. सामान्य गोऱ्या माणसाच्या समजुतीत तुम्ही गोरे नाही, विषय संपला. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेतलं गेलं.

थिंड यांच्यावर अन्याय झाला, यात शंका नाही. वर्णद्वेषाचाच तो निकाल होता. पण वर्णद्वेषाच्या दारावर जातीचा दाखला घेऊन उभं राहिलं, की दार उघडत नाही आणि वर आपली लाजही जाते, हा त्यातला धडा. भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क मिळाला तो १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने, तोही वर्षाला १०० जणांच्या कोट्यासह. दार मोठं झालं १९६५ च्या कायद्याने. तो कायदा काळ्या माणसांच्या नागरी हक्क चळवळीच्या लाटेतच आला. म्हणजे आज तिकडे जे भारतीय मोठ्या घरात राहतात, ते त्या चळवळीचे देणेकरी आहेत. जातिभेदबंदीच्या विधेयकाला विरोध करताना त्यातल्या किती जणांना हे आठवतं?

मग सगळं ऑनलाइन करावं का?

साथीनंतर एक सूर निघाला, प्रत्यक्ष कार्यालयं हवीत कशाला, सगळं मोबाइलवर करा. इथे आपण सावध राहायला हवं, आणि तेही दोन्ही बाजूंनी.

एक बाजू अशी. प्रत्यक्ष खिडकी आपल्यासाठी कधीच निष्पाप नव्हती. आडनाव वाचून वर बघणारा बाबू, 'उद्या या' म्हणणारा शिपाई, जातपडताळणीला गेलेल्या मुलीला ऐकवलेला टोमणा, हे आपण सोसलंय. पडद्यामागे कोण आहे हे न दिसणं ही कधी कधी सुटका वाटते.

दुसरी बाजू अशी. पोर्टल अडतं तेव्हा भांडायचं कोणाशी? खिडकीपुढे चाळीस माणसं जमली तर मोर्चा होतो. 'सर्व्हर डाउन' पुढे मोर्चा निघत नाही. ज्याच्या घरी नेट नाही, ज्याला इंग्रजी फॉर्म कळत नाही, तो सायबर कॅफेवाल्याला पैसे मोजतो. दलाल गेला नाही, त्याने फक्त खुर्ची बदलली.

सूट देतानाही हेच होतं. साथीनंतर भारतातल्या अमेरिकी वकिलातींनी ज्यांना आधी कधी अमेरिकी व्हिसा मिळाला होता, अशा विद्यार्थ्यांना मुलाखतीतून सूट दिली. गर्दी कमी करायला ते सोयीचं होतं. पण आधी व्हिसा कोणाकडे असतो? ज्याचे आई-बाप त्याला लहानपणी फिरायला घेऊन गेले त्याच्याकडे. घरातला पहिलाच पदवीधर असलेला, पासपोर्टही पहिल्यांदाच काढलेला मुलगा मुलाखतीच्या तारखेसाठी पहाटे उठून संकेतस्थळ उघडत बसला. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती देशभरात १२५ जणांना, त्यात अनुसूचित जातींना ११५ जागा. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती ७५ जणांना. इतक्या चिंचोळ्या वाटेतून गेलेल्या पोराची तारीख चुकली, तर सत्र चुकतं, आणि मग शिष्यवृत्तीचा आदेश हातात धरून तो कोणाच्या दारात उभा राहणार?

इथे बाबासाहेबांच्याच आयुष्यातली एक गोष्ट सांगतो. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावं लागलं. पण लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुरं करायची मुभा दिली. शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या मित्राचं कर्ज आणि स्वतःची बचत घेऊन ते १९२० मध्ये परत गेले. एका संस्थेने मुदत संपली म्हणून दार लावून घेतलं नाही, एवढ्याने किती मोठा फरक पडला!

म्हणून खिडकी की पोर्टल, हा वाद मला दुय्यम वाटतो. मागणी हवी ती मुदतीची आणि जबाबदारीची. अमेरिकेच्या कायद्यात एक तरतूद आहे: नागरिकत्वाच्या मुलाखतीनंतर १२० दिवसांत निर्णय दिला नाही, तर अर्जदार थेट संघीय न्यायालयात जाऊ शकतो. आपल्याकडे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. सेवेची मुदत, पदनिर्देशित अधिकारी, दोन अपिलं, त्यावर आयोग, आणि दोषी अधिकाऱ्याला दंड. आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांनी त्याखाली एक तरी अपील केलंय? मोर्चाला शंभर जण येतात, अपिलाचा कागद लिहायला दोघंही बसत नाहीत, हे खरं आहे की नाही?

करायचं काय?

तीन कामं सुचवतो. पहिलं, परदेशी शिक्षणासाठी निवडल्या गेलेल्या मुलांची जिल्हावार मदतगटं करा. पासपोर्ट, जातवैधता, शिष्यवृत्तीचा आदेश, व्हिसाची तारीख, या चारही गोष्टींचं वेळापत्रक एका कागदावर हवं. आधी गेलेल्या मुलांनी नंतरच्यांची मुलाखतीची तयारी फोनवर करून घ्यावी. दुसरं, साथ, संप किंवा कार्यालयबंदीमुळे व्हिसा लांबला तर शिष्यवृत्तीची जागा आपोआप पुढच्या सत्रासाठी राखली जावी, अशी लेखी मागणी समाजकल्याण खात्याकडे लावून धरा. तिसरं, तिकडे नागरिक झालेल्या आपल्या लोकांनी आपलं मत जातिभेदबंदीच्या कायद्यामागे उभं करावं, आणि जे अजून रांगेत आहेत त्यांचे अर्ज भरून द्यायला शनिवार-रविवारचे दोन तास काढावेत.

काकांना जुलैत शपथ मिळाली. एका वाहनतळावर, तोंडाला मास्क, काकू आणि मुलगी रस्त्यापलीकडे गाडीत. समारंभ काही मिनिटांचाच. त्यांनी मतदार म्हणून नाव नोंदवलं आणि नोव्हेंबरात मत दिलं. त्यांच्याच इमारतीत राहणाऱ्या, गोदामात काम करणाऱ्या शेजाऱ्याची मात्र मुलाखतच रखडली होती. त्याची तारीख निवडणूक होऊन गेल्यावर आली. २०१९ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेत सुमारे ८ लाख ४३ हजार लोक नागरिक झाले होते, २०२० मध्ये तो आकडा सव्वासहा लाखांच्या आसपास आला. घट होण्याला इतरही कारणं असतील. पण त्या मधल्या फरकात तो शेजारी आहे.

काका फोनवर म्हणाले, "मला मिळालं रे, पन रांग अजून हाये."

ती रांग आपली आहे.

जय भीम!